आधीं सुई कीं आधीं कढई?

घरांतील संगणक ही वस्तु आतां एकट्याची राहिलेली नाहीं. एकत्र कुटुंबांत तिचे धनी अनेक असतात. सकाळीं कर्त्या पुरुषास बँकेचा व्यवहार पाहावयाचा असतो, दुपारीं सुनेस मुलांच्या शाळेचे कागद छापावयाचे असतात, संध्याकाळीं महाविद्यालयांत जाणारी मुलगी आपला प्रकल्प लिहीत बसते, आणि रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे तरुण मंडळी त्याच यंत्रावर खेळावयास बसते. या सर्वांच्या गरजा एक नसतात. पैसा मात्र एकाच पेटींतून निघावयाचा असतो. अशा घरांत "अमुक भाग बदलून द्या, म्हणजे खेळ नीट चालेल" अशी मागणी आली, कीं वडील माणसें दोहोंपैकीं एक करतात. एक तर मुळींच नकार देतात, नाहीं तर मुलगा म्हणेल त्या भागास पैसे देऊन मोकळीं होतात. आमच्या मतें दोन्ही मार्ग आळसाचे आहेत.

खेळ चांगले कीं वाईट, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें कायदा करून बंदी घातली, तें योग्यच झालें. येथें प्रश्न निराळ्या खेळांचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढला. त्यांत एक मुलगी आपल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघते व तिच्या पाठीशीं दुर्गा उभी असते. त्यांतील महाल आणि भिंतींवरचीं चित्रें पाहतांना आम्हींही घटकाभर खुर्ची सोडली नव्हती. असो.

आमच्या घरचें यंत्र २०१९ सालीं यवतमाळासच जुळवून घेतलेलें. त्यांत एएमडी कंपनीचा रायझेन ३ २२००जी हा प्रोसेसर होता. चित्र काढणारा भाग त्याच्याच पोटांत असल्यामुळें वेगळें ग्राफिक्स कार्ड घेतलें नव्हतें. आठ जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क, पेटीबरोबर आलेला एसएमपीएस, आणि साधा मॉनिटर. सहा वर्षें या यंत्रानें घराची चाकरी केली. २०२५ च्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्याच्या मुलानें मागणी मांडली, कीं खेळ अडखळतात, ग्राफिक्स कार्ड घेऊं या. अठरा हजारांची रक्कम ठरली. त्यांपैकीं बारा हजार घरच्या पेटींतले. सहा हजार त्यानें स्वतः शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून जमविलेले. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों; कारण ज्याचे सहा हजार कष्टाचे आहेत, त्याचें म्हणणें पोराचा हट्ट म्हणून उडवून लावतां येत नाहीं. त्याचें म्हणणें एवढेंच होतें, "आजोबा, आधीं कार्ड घ्या, बाकीचें मागून पाहूं."

आतां हें 'आधीं' कशाच्या आधीं, तें ठरविण्यास पेटींतल्या मंडळींचीं कामें ठाऊक पाहिजेत.

सांख्यांचा पंग्वंधन्याय जुन्या वाचकांस आठवत असेल. पांगळ्यास दिसतें, पण चालवत नाहीं. आंधळ्यास चालवतें, पण दिसत नाहीं. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघेही वाट कापतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांचें नातें हुबेहूब असेंच आहे. चेंडू कोठें जाईल, भिंत कोसळेल कीं नाहीं, शत्रु कोणत्या दारानें येईल, हें प्रोसेसर ठरवितो. पण ठरलेलें दृश्य पडद्यावर रंगविण्याचें कष्टाचें काम ग्राफिक्सचें. तें काम केवढें, याचा हिशेब करून पाहावा. आपल्या नेहमींच्या मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके. सेकंदास साठ चित्रें काढावयाचीं, तर १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग दर सेकंदास ठरवावा लागतो. एक हुशार कारकून हें करूं शकत नाहीं. त्यास हजारों साधे कारकून एकदम बसवावे लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशी कचेरी. पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जुंपून मोठें काम उरकण्याची ही कल्पना आपल्याकडे अपरिचित नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक याच तत्त्वावर उभा केला, आणि त्या कार्याचे धुरीण विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे.

या दोघांत जो मागें पडतो, त्याच्याच चालीनें दोघांस चालावें लागतें. मागें पडलेला सोडून दुसऱ्यावर पैसे घातले, तर ते वायां जातात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांच्या नांवाचा एक नियम १९६७ पासून प्रसिद्ध आहे; त्याचें सार सोपें आहे. एका कामास शंभर क्षण लागतात व त्यांपैकीं एक भाग दहाच क्षण घेतो, असें समजा. त्या भागास कितीही वेग दिला, तरी उरलेले नव्वद क्षण लागणारच. दहा क्षणांच्या भागावर दहा हजार खर्च करणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

तेव्हां औषधाच्या आधीं निदान. त्यास दमडी लागत नाहीं. खेळ चालू असतां कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. कोण किती राबतो आहे, तें टक्क्यांत दिसतें. ग्राफिक्स सारखें शंभराच्या जवळ व प्रोसेसर निम्म्यावर असेल, तर ग्राफिक्स दुबळें. उलट ग्राफिक्स आरामांत असून खेळ अडखळत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरकडे. मात्र प्रोसेसरचा एकच गाभा पूर्ण भरलेला आणि बाकीचे रिकामे, असें असल्यास एकूण टक्का थोडा दिसून फसगत होते. म्हणून दुसरी परीक्षा करावी. खेळाच्या मांडणींत जाऊन ठिपके १२८० बाय ७२० करावे. आतां एका चित्रांत ९,२१,६०० ठिपके, म्हणजे निम्म्याहूनही कमी. रंगविणाऱ्याचें ओझें असें उतरविल्यावर चित्रांची संख्या झपाट्यानें वाढली, तर अडचण रंगविणाऱ्याची होती. फारशी हलली नाहीं, तर ती ठरविणाऱ्याची आहे. खेळाखेळांतही भेद असतो. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारखे खेळ प्रोसेसरला अधिक राबवितात. 'सायबरपंक २०७७' सारखे ग्राफिक्सचा घाम काढतात. एकाच खेळावरून निकाल देऊं नये. स्थालीपुलाकन्याय, म्हणजे एक शीत दाबून भाताची परीक्षा करणें, येथें लागू पडत नाहीं.

आमच्या घरीं ही परीक्षा झाली, आणि नातवाचें म्हणणें खरें निघालें. ठिपके कमी करतांच खेळ धावूं लागला. दुबळें होतें तें ग्राफिक्सच.

येथेंच पैसे काढून दिले असते, तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पण संस्कृतांत सूचीकटाहन्याय म्हणून एक न्याय आहे. लोहाराकडे एकानें सुई मागितली, दुसऱ्यानें कढई. शहाणा लोहार सुई आधीं घडवून देतो. ती लौकर होते, आणि एक गिऱ्हाईक मोकळें होतें. मोठ्या खर्चाच्या आधीं लहान उपाय करून पाहावे, व मगच मोठ्याची खरी गरज किती उरते तें मोजावें, असा आम्हीं त्याचा अर्थ केला.

पहिली सुई म्हणजे झाडलोट. आमचा जिल्हा कपाशीचा. हंगामांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमागें तंतु उडत असतात, आणि रस्त्यावरच्या घरांत धुळीबरोबर तेही शिरतात. पेटीचें झांकण उघडलें, तों प्रोसेसरवरील पंख्याखालीं ॲल्युमिनियमच्या पात्यांत करड्या रंगाची चांगली गादी बसली होती. यवतमाळचा मे महिना वाचकांस सांगावयास नकोच. पंखा खोलींतलीच हवा ओढतो. खोली वीस अंशांनीं तापली, कीं प्रोसेसरही जवळ जवळ तितक्याच अंशांनीं चढतो. ठराविक मर्यादेस पोंचतांच तो आपला जीव वांचविण्यासाठीं आपण होऊन गति कमी करतो. मुलें म्हणतात, यंत्र जुनें झालें. प्रत्यक्षांत त्यास गुदमरलेलें असतें. यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ कुंचल्यानें पातीं साफ केलीं. पंख्याच्या पात्यास बोट लावून तो स्थिर धरावा, वाऱ्यानें भरधाव फिरूं देऊं नये. प्रोसेसर आणि धातूचा ठोकळा यांमधील वाळलेलें मलम पुसून नवें लावलें. खर्च दोनशे रुपयांच्या आंत. दुपारच्या वेळीं खेळ मध्येंच मंद होत असे, तें थांबलें.

दुसरी सुई रॅमची, आणि तिची गोष्ट जरा मनोरंजक आहे. ज्या यंत्रांत वेगळें कार्ड नसतें, त्यांत चित्र काढणाऱ्या भागास स्वतःचें कोठार नसतें. तो प्रोसेसरच्याच कोठारांतून, म्हणजे रॅममधून, शिधा घेतो. एकच पट्टी म्हणजे कोठारास एकच दार. त्या दारांत दोघेही खोळंबतात. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेंत बसविली, कीं दुसरें दार उघडतें व माल दुपटीनें वाहतो. केवळ साठा वाढतो म्हणून हा फायदा नव्हे. म्हणून सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षां आठाच्या दोन बऱ्या. आमच्याकडे जो खेळ सेकंदास चाळीसच्या आसपास चित्रें दाखवीत होता, तो दुसऱ्या पट्टीनें पन्नाशीपलीकडे गेला. नातू त्या रात्रीं फार बोलला नाहीं. कार्ड हातचें जातें कीं काय, ही शंका त्यास आली असावी. (वेगळें कार्ड असलेल्या यंत्रांत दुसऱ्या पट्टीचा लाभ इतका ठसठशीत नसतो. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनीं स्मृति-चिप्स ओढून नेल्यामुळें रॅमचे भाव भराभर चढले; आतां ही सुई पूर्वीइतकी स्वस्त राहिली नाहीं. पट्टींत हलणारा भाग नसतो, म्हणून माहितीच्या दुरुस्तीवाल्याकडून वापरलेली घेण्यास हरकत नाहीं.)

तिसरी गोष्ट एसएसडी. हार्ड डिस्क म्हणजे मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी. हवा तो मजकूर डोक्याखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार सहस्रांश सेकंद लागतात, आणि डोकें सरकण्यास त्याहूनही अधिक. एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं. तिनें खेळांतील चित्रें सेकंदास वाढत नाहींत, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. दुकानदार तसें सुचवितात. परंतु यंत्र सुरू होण्यास आमच्या सुनेस जो चहा उकळेपर्यंत वेळ लागत असे, तो अर्ध्या मिनिटावर आला. घरांतील ज्या चार माणसांस खेळाशीं कर्तव्य नाहीं, त्यांच्या वांट्याचा लाभ हा. देहलीदीपन्यायानें उंबऱ्यावरचा दिवा आंत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो, तसा. समाईक पैशांतून पहिली मोठी वस्तु घ्यावयाची तर ती अशी असावी, असें आमचें मत पडलें, व त्यास नातवानेंही मान डोलावली.

आतां कढई. उरलेल्या पैशांत एकच मोठी वस्तु येणार होती: ग्राफिक्स कार्ड, नाहीं तर प्रोसेसर.

खेळाच्या दृष्टीनें कार्ड हेंच उत्तर होतें, यांत वाद नाहीं. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली एसएमपीएसची. मदरबोर्डावरील खाचेंतून कार्डास ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. त्याहून भुकेल्या कार्डास एसएमपीएसकडून वेगळी तार लागते. आमच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलें होतें. ज्यांच्या घरीं असा डबा असेल, त्यांनीं खालची बारीक अक्षरें वाचावीं. प्रोसेसर व कार्ड हीं दोघें १२ व्होल्टच्या ओळीवर जगतात. तेथें १८ अँपियर छापलें असेल, तर बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉटच काय ते खरे. बाकीचा आंकडा शोभेचा. असा डबा ताण पडून जळतो तेव्हां एकटा जात नाहीं. कधीं कधीं मदरबोर्डास बरोबर नेतो. वेगळी तार न लागणारीं कार्डें आहेत: २०१९ च्या जीटीएक्स १६५० चे कांहीं नमुने, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत आलेलें सहा जीबीचें आरटीएक्स ३०५०, जें सत्तर वॉटवर भागवितें. जुन्या यंत्रास अशींच शोभतात. स्वस्ताईच्या मोहांत एक खांच आहे, तीही सांगतों. २०२२ च्या आरंभीं आलेलें आरएक्स ६५०० एक्सटी हें कार्ड मदरबोर्डाशीं चारच मार्गिकांनीं बोलतें. नव्या पिढीच्या बोर्डावर तें खपून जातें, आमच्यासारख्या जुन्या बोर्डावर त्याचा वाटमार्गच निम्मा होतो.

दुसरी आडकाठी अधिक गंभीर होती. विंडोज १० ची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविणार, हें जाहीर झालेलें होतें. व तसें झालेंही. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊं केल्या, इतकीच काय ती सवलत. विंडोज ११ ज्या प्रोसेसरांवर चालविण्यास कंपनीची मान्यता आहे, त्या यादींत आमचा २२००जी नाहीं. ज्या यंत्रावर केवळ खेळावयाचें, त्याचा मालक या गोष्टीकडे कानाडोळा करील. पण याच यंत्रावरून आमच्या थोरल्या बंधूंचें निवृत्तिवेतन पाहिलें जातें, याच यंत्रावरून घरपट्टी भरली जाते. खेळ अडखळला तर रात्रीचा विरस होतो; बँकेच्या खात्याची कडी सैल राहिली तर काय होतें, तें रोजच्या वर्तमानपत्रांत छापून येतें.

या मुद्द्यावर घरांत चार दिवस वाद झाला. नातवाचें म्हणणें, "खातें तुम्ही मोबाइलवर पाहा, सहा हजार माझे आहेत." त्यांतील पहिलें वाक्य वडील मंडळीस पटलें नाहीं, दुसऱ्यास कोणाजवळ उत्तर नव्हतें. थोरल्या वहिनींनीं तोड सुचविली. प्रोसेसर आधीं, परंतु तो घराच्या सोयीसाठीं घेतला जात असल्यामुळें मुलाचे सहा हजार त्यांत धरूं नयेत. ते बाजूस ठेवावे, कमी पडेल तें घरानें घालावें, आणि पुढें कार्ड घेतांना निम्मा वांटा घरचा. हा ठराव हिशेबाच्या वहींत तारखेनिशीं लिहिला.

प्रोसेसर घेतला तो रायझेन ५ ५६००जी. मदरबोर्ड तोच राहिला, कारण दोघांची बैठक एकच. विजेची भूकही दोघांची ६५ वॉटच, म्हणून एसएमपीएसवर नवा भार नाहीं. चाराच्या जागीं सहा गाभे आले, विंडोज ११ चा मार्ग मोकळा झाला, आणि पोटांतलें ग्राफिक्सही पूर्वीपेक्षां थोडें सरस. नांवांतील 'जी' हें अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावें. नुसता ५६०० हा खेळास अधिक चपळ, पण त्याच्या पोटांत ग्राफिक्स मुळींच नाहीं. वेगळें कार्ड नसलेल्या यंत्रांत तो बसविला, तर पडदा काळाच राहतो. एका दुकानदारानें आम्हांस तोच पुढें केला होता, व वर कांचेची पेटी आणि बारशाच्या पाळण्यासारखे रंगीत दिवेही. दिव्यांनीं चित्रें वाढत नाहींत.

नवा प्रोसेसर ओळखावा म्हणून मदरबोर्डाचा बायॉस, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली, आधीं नवी करावी लागते, आणि हें काम जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच होतें. तीं चार-पांच मिनिटें वीज गेली, तर बोर्ड कायमचा मुका होण्याचें भय. उन्हाळ्यांतील संध्याकाळ आम्हीं त्यासाठीं निवडली नाहीं. पहाटे पांच वाजतां, यूपीएस पूर्ण भरलेला असतांना, नातवानें तें काम केलें. त्याची आजी देवापुढें दिवा लावून शेजारीं येऊन बसली होती.

कोठून घ्यावें, हा प्रश्न यवतमाळकरांस नेहमींचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्यास कागदोपत्रीं डॉ. भडकमकरांचें नांव आहे, तेथें भाव उतरता मिळतो. नागपूरची सीताबर्डी एस्टीनें चार तासांच्या आंत येते. परंतु हमी बहुधा तीन वर्षांची असते, आणि वस्तु बिघडल्यास ती परत पाठविण्याचा हेलपाटा आपला असतो. पांचशे रुपये अधिक पडले तरी बिल देणारा, ओळखीचा, गांवांतला माणूस आम्हीं पसंत केला. वापरलेलें कार्ड घेणाऱ्यांनीं एक ध्यानांत ठेवावें. २०२२ च्या १५ सप्टेंबरपर्यंत इथेरियम नांवाचें आभासी नाणें ग्राफिक्स कार्डांवर खणलें जात असे. त्या वेळचीं रात्रंदिवस राबलेलीं कार्डें अजूनही फिरतात. पंखे कुरकुरतात काय, अर्धा तास जड खेळ चालवून तापमान कोठें जातें, हें समक्ष पाहिल्याखेरीज पैसे देऊं नयेत.

लॅपटॉपवाल्यांचा विचार एका वाक्यांत संपतो: त्यांत बहुधा रॅम व एसएसडी एवढेंच बदलतां येतें, आणि कित्येकांत रॅमही डकविलेली असते.

कार्डाचें अजून व्हावयाचें आहे. त्याबरोबर एसएमपीएसही बदलावयाचा असें ठरलें आहे, म्हणून रक्कम थोडी वाढली. शिकवण्या चालू आहेत. वहींतील त्याचा आंकडा आतां नऊ हजारांवर आला आहे. काढलेला २२००जी कापसांत गुंडाळून कपाटांत ठेविला होता, तो मागील महिन्यांत दारव्ह्याच्या आमच्या भाच्यानें आपल्या मुलाच्या यंत्रासाठीं नेला. त्यास आम्हीं मलमाची उरलेली नळीही बरोबर दिली.